शरदातलं काही मोजत नाहीत

आपल्या लेकराला योग्य वेळी मोकळं सोडणं, यातच बापपणाची खरी कसोटी असते. केंट नीमायरने आपल्या लेकराला ऑगस्टच्या एकवीस तारखेला दुपारी दोन वाजता कॉलेजच्या वसतिगृहाच्या पायरीवर मोकळं सोडलं, आणि पावणेतीनला पेट्रोल भरता भरता पहिला फोन केला.

"पोचलास का?" त्याने विचारलं.

"बाबा, मी इथेच आहे," कोल्बी म्हणाला. "पोचायचं तुम्हाला आहे."

गाडीत बसून रडणारी त्याची बायको डीना हे ऐकून हसायला लागली, आणि मग घर येईपर्यंत दोन्ही आलटून पालटून करत राहिली. केंट रडला नाही. त्याच्या डोक्यात आकडे चालू होते. घरापासून कॉलेज एकशे सत्तर मैल. पहाटे पाचला निघालं तर आठच्या आत मैदानावर.

केंटचा धंदाच मोजण्याचा. नेब्रास्कात गारा पडल्या की विमा कंपनी त्याला पाठवायची. लोकांच्या गाड्यांच्या टपावर हात फिरवायचा, प्रत्येक पोच्याभोवती खडूने गोल काढायचा, गोल मोजायचे आणि कागदावर लिहायचे. मालक म्हणायचा, "अहो, आभाळ फाटलं होतं हो." केंट म्हणायचा, "बेचाळीस." जे मोजता येतं तेवढंच घडलं, हे त्याचं पंचवीस वर्षांचं मत होतं आणि त्यावर त्याचं घर चाललं होतं.

हीच शिस्त त्याने बेसबॉललाही लावली होती. कोल्बी नऊ वर्षांचा असल्यापासून त्याच्या प्रत्येक सामन्याची वही केंटने लिहिली होती. गावच्या शाळेत सगळी मिळून एकशे बारा पोरं. त्यातली चौदा संघात. निवड हा प्रकार फारसा नव्हताच. ज्याच्याकडे बूट होते तो संघात, आणि ज्याला चेंडू दिसत होता तो मैदानातल्या दुसऱ्या बेसच्या राखणीला. कोल्बीला चेंडू दिसत होता. चार वर्षं तो दुसऱ्या बेसवर उभा राहिला, शेवटच्या वर्षी जिल्ह्याच्या पेपरात त्याचा फोटो आला, आणि एका लहानशा कॉलेजच्या कोचने पत्र पाठवलं: येऊन बघ.

ते कोच स्टॅगमन. वसतिगृहात सामान टाकायच्या दिवशीच सकाळी त्यांनी सगळ्या आईबापांना जिममधल्या लाकडी बाकांवर बसवलं होतं.

"मंडळी," ते म्हणाले होते, "आज माझ्याकडे एकोणपन्नास पोरं आहेत. फेब्रुवारीत हंगाम सुरू होईल तेव्हा पस्तीस असतील. मधले दिवस आम्ही आपापसात खेळू. त्यातलं काहीही मोजत नाहीत. हार नाही, जीत नाही, नोंद नाही. पोरांनी मोकळेपणाने चुका कराव्यात."

मागच्या बाकावरून एका बापाने विचारलं, "मग पस्तीस कोण, हे कशावरून ठरवणार?"

"या दिवसांवरून," स्टॅगमन म्हणाले.

बाकांवरच्या अठ्ठ्याण्णव माणसांनी आपापल्या पोराच्या चुका आठवून घेतल्या.

"आणखी एक," स्टॅगमन म्हणाले. "कोण खेळतो आणि कोण बसतो, यावर मी आईबापांशी बोलत नाही. नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी प्रत्येक पोराला पंधरा मिनिटं देईन. एकट्याला. काय ते त्याला सांगेन. तुम्हाला काय सांगायचं ते तो ठरवेल. माझा नंबर तुमच्याकडे आहे, तो पोरगं दवाखान्यात असलं तर लावायचा. तेव्हासुद्धा आधी डॉक्टरला लावा."

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी केंट सकाळी पावणेआठला मैदानावर हजर होता. बरोबर वही, तीन पेन्सिली आणि खोडरबर. डीना आली नाही. तिचं म्हणणं, ज्यात काही मोजत नाहीत ते बघायला एकशे सत्तर मैल जाण्यापेक्षा ती मळलेल्या कणसांचा ढीग बघेल, तो घरासमोरच असतो.

मैदानावर अर्धी पोरं काळ्या शर्टात, अर्धी राखाडी. पाठीवर नाव कुणाच्याच नाही. कोल्बीला एकसष्ट नंबर मिळाला होता. बेसबॉलमध्ये एवढा मोठा नंबर म्हणजे लग्नाच्या पंगतीत हात धुवायच्या जागेशेजारी पाट मिळण्यासारखं. जेवायला मिळतं, पण आपण कोण ते कळतं.

पहिला डाव सुरू झाला. चेंडू टाकायला काळ्यांचा पिचर, मारायला राखाडीचे फलंदाज. एक बाद, दोन बाद, तीन बाद. केंटने वहीत रेघ ओढली आणि पान उलटायला घेतलं, तर पुढे चौथा फलंदाज उभा. तोही बाद. मग पाचवा.

केंटने पेन्सिल हवेत धरली. जगात सर्वत्र तीन बाद झाले की डाव संपतो. देवाने सृष्टी निर्माण केली तेव्हापासून हे ठरलेलं आहे, निदान नेब्रास्कात तरी.

पुढच्या डावात उलटंच झालं. एका फलंदाजाने फटका मारला, दुसऱ्याने मारला, तिसरा चार चुकीच्या चेंडूंमुळे फुकटात चालत पहिल्या बेसवर गेला, बेस भरले, बाद एकही नाही, आणि स्टॅगमन बाकावरून ओरडले, "गुंडाळा!" पोरं मुकाट्याने मैदान सोडून निघाली.

"अहो, हे काय?" केंट मोठ्याने म्हणाला. "एकही बाद नाही आणि डाव संपला?"

"पिचरचे वीस चेंडू झाले ना," शेजारून आवाज आला. "वीस झाले की गुंडाळतात."

घडीच्या खुर्चीत एक बाई सूर्यफुलाच्या बिया चघळत बसल्या होत्या. टरफलं थुंकायला त्यांनी कागदी पेला आणला होता. यावरूनच ही जुनी मंडळी आहेत हे ओळखू यावं. त्यांचं नाव रॉन्डा शिमेक. मुलगा डिलन, तिसऱ्या वर्षाला, पिचर.

"आणि मगाशी पाच बाद झाले तरी चालूच होतं!"

"तेव्हा वीस झाले नव्हते."

"मग स्कोअर काय आहे?"

"कुणाचा?" रॉन्डा म्हणाल्या.

केंटने वही मांडीवर मिटली, पुन्हा उघडली. रॉन्डांनी वहीकडे बघितलं, जसं शेजारच्या घरात नवीन बाळ आणल्यावर बघतात तसं.

"पहिलं वर्ष का?"

"हो. कसं ओळखलंत?"

"पहिल्या वर्षी बाप वही आणतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या वर्षी नुसती खुर्ची आणतो. तिसऱ्या वर्षी बाप घरी राहतो आणि आई येते, कारण तिला घराबाहेर पडायचं असतं. मला अगं-तुगं कर रे, नाहीतर फार म्हातारं वाटतं."

कोल्बीची पाळी साडेदहाला आली. इथेही स्टॅगमनचा नियम वेगळा: वेळ वाचावा म्हणून बाद करणाऱ्या तीन स्ट्राइकपैकी एक प्रत्येक फलंदाजाच्या माथी आधीच मारलेली. म्हणजे पोरगं परीक्षेला बसायच्या आधीच एक प्रश्न चुकलेला. कोल्बीने पहिला चेंडू सोडला, दुसरा मारला, तो उंच गेला आणि सावकाश एका राखाडी शर्टवाल्याच्या हातमोज्यात उतरला. केंटने मान खाली घालून लिहिलं.

खेळ संपल्यावर पहिल्या वर्षाची पोरं मैदान झाडायला लागली. माती सारखी करायची, जाळ्या उचलायच्या, चेंडूंच्या बादल्या वाहायच्या. केंट कुंपणाला धरून तासभर उभा राहिला. मग कोल्बी आला. कपाळावर माती, खांद्यावर बादली.

"बाबा, माझ्याकडे दहा मिनिटं आहेत. मग व्यायाम, मग सक्तीचा अभ्यास."

"शनिवारी अभ्यास?"

"सक्तीचा."

दहापैकी आठ मिनिटं केंट त्या उंच फटक्याबद्दल बोलला. खांदा लवकर उघडला, असं त्याचं मत होतं. उरलेली दोन मिनिटं कोल्बीने एक सँडविच खाल्लं.

असे शनिवार चालू राहिले. मक्याची कापणी सुरू झाली, रस्त्यावर मोठाली यंत्रं डुलत डुलत येऊ लागली आणि एकशे सत्तर मैलांना साडेतीन तास लागायला लागले. सारं राज्य शनिवारी फुटबॉल बघायचं. बेसबॉलच्या मैदानावर दहाबारा आईबाप, एक कुत्रा आणि पाणी मारणारा माणूस. केंटने नियमांना शरण जाऊन नवी वही आखली. आता तो फक्त कोल्बीचं लिहीत नव्हता. दुसऱ्या बेसवर कोण कोण उभं राहतं, कितव्या डावात, कुठल्या रंगात. स्टॅगमन कुणाशी बोलतात, किती वेळ, हसून की न हसता.

"ते पाणी कधी पितात तेही लिहितोस का?" डीनाने विचारलं.

"पाणी नाही," केंट म्हणाला. थोडा विचार करून म्हणाला, "गरज पडली नाही अजून."

फोनवर त्याला फारसं काही कळत नसे. सराव कसा? बरा. जेवण? सगळं खातो. हात? ठीक. डीना नंतर फोन घेऊन दुसऱ्या खोलीत जायची आणि वीस मिनिटांनी यायची ती अख्खा अहवाल घेऊन. पोराने पांढरे आणि काळे कपडे एकत्र धुतले, आता त्याचं सगळंच राखाडी झालं आहे. रसायनशास्त्राच्या तासाला तो बसल्या बसल्या झोपला आणि बाईंनी त्याला उठवलं नाही. पहिले दोन आठवडे तो रोज संध्याकाळी धोबीखान्यात जाऊन रडायचा, कारण तिथे यंत्रांचा आवाज असतो.

"हे मला का नाही सांगितलं त्याने?" केंटने विचारलं.

"तू विचारलंस का?"

"मी रोज विचारतो, कसं चाललंय."

"तू विचारतोस, हात कसा आहे," डीना म्हणाली.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी रॉन्डाने सहज विचारलं, "कोच लोक काय म्हणतात रे तुझ्या पोराबद्दल?"

केंटला याच प्रश्नाची वाट होती. "खूश आहेत. सहायक कोच त्याला परवा म्हणाले, तू संघातला फार चांगला सोबती आहेस."

रॉन्डाचं चघळणं थांबलं. "असं म्हणाले?"

"हो. का?"

"नाही, चांगलंच आहे की." तिने बियांची पिशवी त्याच्यापुढे धरली. "घे. खा."

गेल्या सहा आठवड्यांत तिने पिशवी पुढे केली नव्हती. केंट एक एक बी फोडत बसला आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं. ज्याला फलंदाजी येते त्याच्या स्वभावाची चौकशी कुणी करत नाही. सुगरणीला कुणी म्हणत नाही की बाई, तुमच्या ताटल्या स्वच्छ असतात.

त्या दुपारी कोल्बीला पूर्ण एक तास मोकळा होता. कॉलेजसमोरच्या हॉटेलात दोघांनी चिली, म्हणजे खिमा-राजम्याची तिखट आमटी, घेतली आणि रिवाजाप्रमाणे तिच्यात बुडवायला दालचिनीचा गोड रोल. कोल्बीने दोन वाट्या संपवल्या. केंटने वही टेबलावर ठेवली.

"एकोणीस वेळा फलंदाजी," तो म्हणाला. "तीन हिट."

"माहीत आहे."

"मी काय म्हणतो, तू कोचना एक सांग. सांग, मला कुठेही उभं करा, काहीही करायला सांगा, संघासाठी माझी तयारी आहे. हे वाक्य कोच लोकांना फार आवडतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"सगळे बाप हेच सांगतात."

"मी दुसऱ्या बेसचा खेळाडू आहे, बाबा."

"दुसऱ्या बेसवर तुझ्यापुढे चार जण आहेत. मी मोजलेत."

"मीपण मोजलेत," कोल्बी म्हणाला.

त्याने रोलचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवला, पण खाल्ला नाही. मग म्हणाला, "तू दर शनिवारी नको ना येऊस."

"का? बाकीचे येतात."

"मी बाद झालो की तू मान खाली घालतोस. मला तिथून दिसतं."

"अरे, लिहायला घालतो. हिट मारलास तरी लिहितोच की मी."

"हो," कोल्बी म्हणाला. "तेव्हाही खालीच असते."

यावर केंटला बोलण्यासारखं बरंच होतं. नऊ वर्षांच्या सगळ्या वह्या घरी कपाटात तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या. त्या पोराला कधीतरी दाखवाव्यात असं त्याच्या मनात होतं. तो म्हणाला, "अजून एक वाटी घेतोस का?" आणि कोल्बीने घेतली.

पुढचा शनिवार तो घरीच राहिला. छपराच्या पन्हळीतली पानं काढली. एकूण चार बादल्या.

ऑक्टोबरच्या शेवटी काळे आणि राखाडी यांच्यात तीन दिवसांची मालिका होती. हिला तिथली मंडळी गमतीने विश्वचषक म्हणत, आणि या वेळी डाव रीतसर तीन बादांचा. केंट तिसऱ्या दिवशी गेला. वही त्याने गाडीत ठेवली. ती गाडीत आहे हे त्याला क्षणभरही विसरता आलं नाही, पण ठेवली.

थंडी एवढी की पोरं हातांवर फुंकर मारत होती. कोल्बी सातव्या डावात दुसऱ्या बेसवर आला. पहिल्या बेसवर धावणारा होता. पुढच्या फलंदाजाने चेंडू मारला तो मधोमध, जमिनीलगत, आणि असा की तो पलीकडे जाणार हे बाकांवर बसलेल्या बारा जणांना आणि कुत्र्यालाही कळलं. कोल्बी आडवा झेपावला. चेंडू हातमोज्याच्या टोकाला अडकला. पोटावर पडल्या पडल्या, न बघता, त्याने मोज्यातूनच तो दुसऱ्या बेसकडे उडवला; धावत आलेल्या सोबत्याने तो उघड्या हाताने घेतला, बेसवर पाय टेकला आणि पहिल्या बेसकडे फेकला. दोन बाद. सगळं मिळून चार सेकंद.

मैदानावर पहिल्यांदाच आवाज झाला. काळे ओरडले, राखाडीही ओरडले. पोरांनी कोल्बीला उठवून त्याच्या डोक्यावर टपला मारल्या. कोल्बीने शर्टावरची माती झटकली आणि एकदाच बाकांकडे बघितलं. केंटची मान वर होती.

"आईशप्पथ," रॉन्डा म्हणाली. तिच्या पेल्यातली टरफलं सांडली होती. "हे लिहून ठेवायला हवं होतंस रे."

"हो," केंट म्हणाला.

मग त्याने स्टॅगमनकडे बघितलं. ते पाठमोरे उभे होते. पाणी मारणाऱ्या माणसाशी पाइपच्या गळतीबद्दल बोलत होते.

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार आला. आईबापांनी येऊ नये असं सांगितलेलं होतं, त्यामुळे सकाळी साडेनऊला जिमसमोरच्या पार्किंगमध्ये अकरा पिकअप उभे होते. प्रत्येकात एक बाप, इंजिन चालू, हीटर चालू, डोळे समोर. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं म्हटलं तरी भांडं निदान पिकअपपेक्षा लहान असावं लागतं.

शेजारच्या गाडीची काच खाली झाली. मागच्या बाकावरून प्रश्न विचारणारा तो बाप होता.

"काम होतं इथे जरा," तो म्हणाला. "टायरचं."

"मलाही," केंट म्हणाला. "गारपिटीची एक पाहणी आहे."

"नोव्हेंबरात?"

"जुन्या गारा आहेत."

तो बाप समजुतीने मान हलवून काच वर करणार, एवढ्यात रॉन्डा हातात कॉफीचे दोन पेले घेऊन गाड्यांमधून चालत आली. ती उघडपणे आली होती. तिसऱ्या वर्षाला लाज उरत नाही. तिने एक पेला केंटला दिला.

"आत बसू का? माझ्या गाडीचा हीटर गेलाय."

पोरं दर पंधरा मिनिटांनी एक बाहेर पडत होती. ज्यांना ठेवलं ती पुढच्या दाराने, फोन कानाला लावून. ज्यांना काढलं तीही पुढच्याच दाराने, पण फोन खिशात. केंटने मोजायचं नाही असं ठरवलं होतं. साडेअकरापर्यंत चार फोन कानाला, तीन खिशात. शेजारच्या बापाचा मुलगा आला तो सरळ गाडीत बसला. बापाने त्याच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ गाडी हलली नाही. मग ती सावकाश निघून गेली, टायर दुरुस्त न करता.

"मी काय म्हणते," रॉन्डा म्हणाली, "तो बाहेर आला की आधी त्याला बोलू दे."

"मी बोलतच नाही."

"तू आत्ता पाऊण तास त्या पाइपच्या गळतीबद्दल बोलतोयस."

कोल्बी पावणेबाराला बाहेर आला. फोन ना कानाला, ना खिशात. हातात नुसता धरलेला. त्याने पार्किंगवर नजर फिरवली, बापाची गाडी ओळखली, आणि तोंडावर राग येतो की हसू हे ठरायच्या आत चालायला लागला. रॉन्डा उतरून आपल्या गाडीकडे गेली. कोल्बी आत बसला.

"इथे काय करतोयस?"

"काम होतं."

"बरं." कोल्बीने हीटरपुढे हात धरले. "राहिलो."

केंटने स्टिअरिंगवर दोन्ही हात आपटले. रॉन्डाने दिलेला सल्ला त्याने बारा सेकंद पाळला.

"दुसऱ्या बेसवर?"

"नाही."

"मग कुठे?"

"मी तुझं ते वाक्य बोललो. कुठेही उभं करा, काहीही करायला सांगा."

"बघ! मी म्हणत नव्हतो?"

"कोच म्हणाले, खरंच कुठेही? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, मग गुडघे कसे आहेत तुझे?" कोल्बी हसला. "मी बुलपेनचा कॅचर आहे, बाबा."

केंटला हे काम काय असतं ते चांगलं ठाऊक होतं, म्हणूनच त्याने विचारलं, "म्हणजे काय?"

"सामना चालू असतो ना, तेव्हा पुढचा पिचर बाजूला, बुलपेनमध्ये, हात गरम करून घेतो. तो फेकतो ते उकिडवं बसून पकडायचं. तो गेला की पुढचा येतो."

"आणि फलंदाजी?"

"त्यात फलंदाजी नसते."

"अख्खं वर्ष?"

"अख्खी चार वर्षंही असेल. कोच म्हणाले, मनापासून करणारा असा माणूस मिळत नाही. सगळ्या दौऱ्यांना नेणार आहेत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे केंटला कळलं, आणि हात कोणाचा होता तेही. त्याने दोन शक्यतांची तयारी केली होती. पोरगं राहिलं तर काय बोलायचं आणि पोराला काढलं तर काय बोलायचं, दोन्ही भाषणं एकशे सत्तर मैलांत पाठ झाली होती. राहूनही कधीच न खेळणं हा रकाना त्याने आखलेलाच नव्हता.

"हे बघ," तो म्हणाला, "दुसरी कॉलेजं आहेत. लहान आहेत, पण तिथे तू रोज खेळशील. मी दोनतीन फोन करतो..."

"बाबा."

"नुसती चौकशी रे."

"मी आत विचार करून सांगतो म्हणून आलो नाही," कोल्बी म्हणाला. "हो म्हणून आलोय."

केंटने हीटर थोडा वाढवला.

"मला फलंदाजी जमत नाही इथली. तुझ्या वहीत आहे ते. पण मला ही पोरं आवडतात. पहाटे उठायला शिव्या देतो, पण आवडतं. आणि परवा गंमत म्हणून मी डिलनचे चेंडू पकडले. ते इतके जवळून येतात ना, की दुसरं काही डोक्यात राहतच नाही." तो थांबला. "तू रागावलास?"

केंटने खरोखर शोधून बघितलं. राग होता, पण तो नक्की कुणावर ते सापडेना. स्टॅगमनवर म्हणावं तर त्यांनी पोराला त्याने मागितलं तेच दिलं होतं. पोरावर म्हणावं तर त्याने बापाने सांगितलं तेच मागितलं होतं. राहिला तो एकच माणूस, आणि तो इथे गारपिटीच्या पाहणीला आला होता.

"नाही," तो म्हणाला. आणि मग, ऑगस्टपासून पहिल्यांदाच, "झोप होते का रे तुझी?"

कोल्बीने त्याच्याकडे बघितलं. "आता होते."

मग तो बोलायला लागला. रसायनशास्त्राच्या बाईंबद्दल, खोलीतल्या सोबत्याच्या घोरण्याबद्दल, एका मुलीबद्दल जी पोहण्याच्या संघात होती आणि जिचे केस कायम ओले असायचे. पंचवीस मिनिटं. केंटच्या खिशात पेन्सिल होती, आणि ती त्याला टोचत होती. त्याने हालचाल केली नाही.

तासाला जायची वेळ झाली तसा कोल्बी उतरला. वाटेत त्याने रॉन्डाच्या काचेवर टकटक केली, काहीतरी सांगितलं, आणि ती आतूनच टाळ्या वाजवायला लागली. तो दिसेनासा झाल्यावर ती केंटकडे आली.

"म्हणजे आता माझ्या डिलनचे चेंडू हा पकडणार," ती म्हणाली. "बोटं सांभाळ म्हणावं. त्याचा निम्मा माल जमिनीतच जातो."

"तो खूश आहे," केंट म्हणाला.

"आणि तू?"

"पदरी पडलं आणि पवित्र झालं."

"तुझ्या नाही, त्याच्या पदरी पडलंय," रॉन्डा म्हणाली, आणि रिकामा पेला परत घेऊन गेली.

डीनाला त्याने फोनवर एवढंच सांगितलं की ठेवलाय. बाकीचं तिला त्याच्याआधीच माहीत होतं. कोल्बीने कोचच्या खोलीतून निघताच विचारायला फोन केला होता, की गुडघ्यांचं काही आपल्या घराण्यात आहे का.

डिसेंबरात हंगामाचं वेळापत्रक आलं. एकूण पन्नास सामने, त्यातले चोवीस घरच्या मैदानावर. केंटने ते फ्रिजवर लावलं, चोवीसही तारखांभोवती खडूसारख्या जाड पेनाने गोल काढले आणि कंपनीकडे रजेचा अर्ज टाकला. वही न्यायची नाही असं ठरलं. त्याऐवजी त्याने घडीची एक चांगली खुर्ची घेतली, पेला ठेवायला खाच असलेली, आणि रॉन्डाला फोन करून विचारलं, की कोल्बी नीट दिसायला ती कुठे लावावी.

त्या मैदानावरचं बुलपेन उजव्या बाजूच्या भिंतीमागे, ट्रॅक्टरच्या शेडला लागून आहे. बाकांवरून ते दिसत नाही.